तीन तोंडांचा डॅशकॅम, चार महिन्यांचा अनुभव आणि आमच्या घरच्या चार माना

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. मला त्यांच्याशी भांडायचंही नाहीये आणि त्यांची फुकट जाहिरातही करायची नाहीये. तशीही या किमतीत सगळे तीन कॅमेऱ्यांचे डॅशकॅम (गाडीच्या काचेला लावायचे, प्रवास रेकॉर्ड करणारे कॅमेरे) थोड्याफार फरकानं एकसारखेच येतात, डबा आणि स्टिकर तेवढे वेगळे. तर हा चार महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू समजा. थोडा लांबणार आहे कारण एक क्लिप आहे जिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आम्ही चिंचवडला राहतो, माझं माहेर पनवेल. दर पंधरा दिवसांनी शनिवारी एक्सप्रेसवेनं फेरी ठरलेली. गाडी मीच चालवते, नवरा शेजारी, मागे सासूबाई (त्यांची बहीण नवीन पनवेलला असते त्यामुळं आमच्याआधी त्याच तयार होऊन बसलेल्या असतात) आणि आमचं अकरा वर्षांचं कार्टं. डॅशकॅम घ्यायचं कारण तेच जे सगळ्यांचं असतं. कोणीतरी मागून ठोकतं, वर उतरून आपल्यालाच दम देतं, आणि आपल्याकडं पुरावा काहीच नसतो. तर म्हणलं आता प्रत्येकाचा पुरावा ठेवायचा, येऊ दे कोण येतं ते. साडेअकरा हजार कॅमेऱ्याचे, बाराशे फिटिंगचे, मेमरी कार्ड वेगळं.

तीन तोंडं म्हणजे एक पुढं रस्त्याकडं, एक मागच्या काचेला, आणि एक आतमध्ये आपल्याकडंच बघणारं. हे तिसरं टॅक्सीवाल्यांसाठी असतं खरंतर. मला नको होतं, पण ऑफरमध्ये दोन तोंडांच्या आणि तीन तोंडांच्या कॅमेऱ्यात फक्त नऊशेचा फरक होता आणि नवरा म्हणाला असू दे की. या नऊशे रुपयांनी पुढं काय केलं ते सांगतेच.

पहिल्यांदा कामाच्या गोष्टी. फिटिंग करताना लायटरच्या सॉकेटमध्ये वायर खुपसून लोंबकळत ठेवू नका, फ्यूज बॉक्समधून हार्डवायर करून घ्या. मग गाडी बंद असतानाही पार्किंग मोड (म्हणजे उभ्या गाडीवरची राखण) चालतो, आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली गेली की तो स्वतःच बंद होतो. दुसरं म्हणजे घेताना एवढंच विचारा की आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवून ठेवणारा भाग). आपल्याकडं मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीच्या काचेला हात लावून बघा, तिथं लिथियमची छोटी बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटर टिकतो. आमच्यात तो आहे आणि आख्खा मे काढला, कॅमेऱ्याला काही झालं नाही, फक्त डबल टेप वितळून एका दुपारी पुढचा कॅमेरा डॅशबोर्डवर येऊन पडला होता. चाळीस रुपयांची नवीन टेप लावली, विषय संपला. कार्डाच्या बाबतीत मात्र कंजूषपणा नको, मोबाईलमधलं जुनं कार्ड टाकाल तर दोन महिन्यांत बाद होईल कारण यात सतत जुनं पुसून नवीन लिहिणं चालू असतं.

दिवसाचं चित्र मस्त. रात्री पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला येत नाही, आपल्याच हेडलाईटच्या उजेडानं ती पांढरी फटक होते. आणि दिवसासुद्धा पलीकडच्या लेनमधून वेगात जाणाऱ्या गाडीचा नंबर वाचायला मिळेल ही आशा सोडा.

धक्का बसला की ती क्लिप पुसायची नाही असं ठरवणारा एक सेन्सर असतो. तो चिंचवडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला अपघातच समजतो. पहिल्या आठवड्यात कार्डात ऐंशी क्लिपा लॉक होऊन बसल्या होत्या, सगळ्या आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या. सेटिंगमध्ये जाऊन तो अगदी कमीवर आणला. मग आहे ती कॅमेऱ्यातून सूचना देणारी बोलणारी बाई. पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की इंग्रजीत बजावते, अंतर ठेवा. आता बोरघाटात शनिवारी सकाळी अंतर ठेवून कोण चालवतं, दोन गाड्यांत जागा दिसली की तिसरा घुसतोच. त्यामुळं खंडाळ्यापासून आडोशीच्या बोगद्यापर्यंत ती अखंड चालू. सासूबाई म्हणाल्या, अगं त्या बाईला कोणीतरी पाणी द्या. शेवटी बंद केली. आणि हो, आतला आवाजही रेकॉर्ड होतो हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, तोपर्यंत मागच्या सीटवर माझ्या भरल्या वांग्यांबद्दल काय चर्चा झाली होती ती सगळी जमा झालेली होती. असो.

ॲप टुकार आहे. कॅमेऱ्याचं वायफाय जोडलं की मोबाईलचं इंटरनेट जातं, एक मिनिटाची क्लिप उतरवायला दोन मिनिटं लागतात, मध्येच तुटतं. मी सरळ कार्ड काढून लॅपटॉपला लावते.

आता ती क्लिप.

जुलैमधला शनिवार, पाऊस नव्हता, रस्ता कोरडा. घाट उतरलो, खालापूरचा टोल नाका मागे टाकला, माडप बोगदा यायचा होता. मी मधल्या लेनमध्ये. (२०२४ पासून एक्सप्रेसवेवर कॅमेरे बसलेत आणि चलन घरी येतं, त्यामुळं मी शंभरच्या आतच असते, पुण्यवान वगैरे नाहीये.) तर अचानक पुढं सगळ्यांचे ब्रेकलाईट लागले. मला वाटलं झालं, बोगद्यात काहीतरी बंद पडलंय, आता तास गेला. हळूहळू पुढं सरकलो तर आमच्या बाजूला काहीच नव्हतं, तीनही लेन रिकाम्या. जे झालं होतं ते पलीकडं, पुण्याकडं जाणाऱ्या बाजूला, कंटेनरच्या मागे एक पांढरी गाडी घुसली होती. आणि ती जागा ओलांडली तसं आमच्या बाजूचे सगळे एकदम सुसाट. पुढं पन्नास मीटरवर जणू काही घडलंच नव्हतं. मी नेहमीप्रमाणं चिडले, म्हणलं काय ही लोकं, तमाशा बघायला थांबतात, यांच्यामुळं वीस मिनिटं गेली. नवऱ्यानंही री ओढली. पनवेलला पोचल्यावर माझ्या आईसमोर परत एकदा तेच बोलून झालं.

रात्री कार्ड काढलं, म्हणलं या लोकांचा नमुना ग्रुपवर टाकू.

या कॅमेऱ्यात जीपीएस आहे, त्यामुळं चित्राच्या खाली आपला स्पीड छापून येतो. आधी पुढच्या तोंडाची क्लिप लावली. रांगेतून सुटून आम्ही ५८ वर आलोय, पुढच्या गाडीनं चांगलं अंतर टाकलंय, समोर रस्ता मोकळा. आणि तिथून आकडा खाली यायला लागतो. ५८, ५१, ४४, ३५, २७. पुढं कोणी नाही. कोणी आडवं आलेलं नाही. २७ वर चार सेकंद, मग परत ४०, ६०, ८५. म्हणजे ज्यांना मी शिव्या घातल्या त्यांच्यात मी सगळ्यात पुढं, आणि समोर थांबायचं एकही कारण नसताना.

मग आतल्या तोंडाची क्लिप. नऊशे रुपये. चार माना, चारही उजवीकडं. एकाच क्षणी वळल्या, जशा टेनिसच्या मॅचला वळतात तशा. सासूबाईंचे हात जोडलेले, मुलगा सीटबेल्ट ताणून काचेला नाक लावून, नवऱ्याच्या हातात मोबाईल (त्यानं शूट केलं होतं, मी त्याला नंतर डिलीट करायला लावलं, त्यानं केलं असावं) आणि मी. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर व्यवस्थित, अगदी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात तसे, आणि तोंड साफ दुसरीकडं. किती वेळ? मोजलं. पहिल्यांदा दोन सेकंद, मग अर्धा सेकंद समोर, मग परत तीन. ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे पहिल्या दोन सेकंदात घरातली चारही माणसं घेऊन मी अठ्ठावीस मीटर न बघता गेले. नव्वदला असते तर पन्नास.

मागच्या तोंडाची क्लिप मी एकदाच बघितली, परत बघायची हिंमत नाही. मागे एक टेम्पो ट्रॅव्हलर. त्याचा ड्रायव्हरही पलीकडंच बघतोय, काचेतून स्पष्ट दिसतंय. माझा आकडा उतरतोय तशी त्याची गाडी मोठी मोठी होत जाते, एका क्षणी त्याचं नाक खाली दबतं, टायरचा धूर, आणि तो माझ्या डिकीपासून वीतभर अंतरावर. मला गाडीत याचा पत्ताही नव्हता. हॉर्नसुद्धा ऐकू आल्याचं आठवत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो चांगला लांबलचक आहे.

आणि यात खरा विनोद असा, की त्या अपघाताचं या कॅमेऱ्यात काहीही आलेलं नाही. पुढचं तोंड समोर बघत होतं, डिव्हायडरवरची झाडं, एक क्रेनचा तुकडा, संपलं. मुलगा मागे लागला होता झूम कर झूम कर. कशाचं करणार! मग मला काय दिसलं होतं ते मी आठवून बघितलं. एक उघडं दार. रस्त्यावर पसरलेलं केशरी ब्लँकेट. कोणीतरी फोनवर बोलत उभा होता. एवढंच. पाच सेकंद मान वळवून एवढंच हाती लागलं.

त्या रात्री झोप आली नाही तर वाचत बसले. हे जगभर आहे. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीनं २००३ साली लक्ष विचलित झाल्यामुळं झालेल्या २,७०० हून जास्त अपघातांची माहिती तपासली होती, त्यात सगळ्यात वरचं कारण हेच निघालं, दुसऱ्याचा अपघात किंवा रस्त्याकडेचं काहीतरी बघणं, १६ टक्के. मोबाईल फक्त ५ टक्के. अर्थात तो २००३ चा मोबाईल, त्याच्यात बघण्यासारखं काय होतं, आता आकडा तसा राहिला नसणार.

आणि माझ्या डोक्यात होतं की एकानं दोन सेकंद स्लो केलं तर असं काय होतंय. तर २००८ मध्ये जपानच्या नागोया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एक प्रयोग छापलाय, २३० मीटरचं गोल रिंगण, त्यात २२ गाड्या, सगळ्यांना सांगितलं एकाच वेगानं फिरत राहा. सिग्नल नाही, खड्डा नाही, म्हैस नाही. थोड्या वेळानं आपोआप जॅम झाला. एकानं जरा पाय उचलला, मागच्यानं त्याहून जास्त, त्याच्या मागच्यानं ब्रेकच मारला, आणि ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत राहिली, ताशी वीसेक किलोमीटरनं. म्हणजे आपण बघून पुढं निघून जातो, पनवेलला चहाही पिऊन होतो, आणि आपली लाट तोपर्यंत मागे घाटाकडं चालत गेलेली असते. तिथं थांबलेल्याला कळतच नाही आपण कशासाठी थांबलोय. क्रेननं गाडी उचलून नेल्यावरही तो जॅम असतोच.

काही वेळा थांबण्याला खरंच कारण असतं, ते वेगळं. जून २०२३ मध्ये लोणावळ्याजवळ कुणे पुलावर केमिकलचा टँकर पेटला होता, आग पुलाखालच्या रस्त्यापर्यंत गेली, चार माणसं गेली, तेव्हा दोन्ही बाजू बंद केल्या होत्या आणि करायलाच हव्या होत्या. पण पलीकडं पांढरी गाडी आणि इकडं तीन लेन मोकळ्या, याला काय म्हणायचं?

बाहेर यावर उपाय काय केलेत तर इंग्लंडमध्ये हायवेवाले अपघाताभोवती सरळ पडदे उभे करतात, लग्नाच्या मांडवासारखे, दिसलंच नाही तर मान कशाला वळेल. जर्मनीत २०२१ पासून अपघातात मेलेल्याचा फोटो काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथल्या एका मदतसंस्थेनं ॲम्ब्युलन्सवर असं डिझाईन छापलं की मोबाईल रोखला की त्यातला क्यूआर कोड स्कॅन होतो आणि स्क्रीनवर येतं, टक लावून बघण्यानं जीव जातो. नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो गप्प बसला. मग म्हणाला, मी डिलीट केलाय. मी विचारलं नव्हतं.

सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाला मी तिन्ही क्लिपा दाखवल्या, त्यांनी स्वतःचे जोडलेले हात बघितले आणि म्हणाल्या, "अगं, बघायचंच नाही असं ठरवलं तर मदत कोण करणार? आपल्याकडं पोलीस यायच्या आधी रस्त्यावरचाच माणूस धावतो." आणि हे खोटं नाही. आपल्याकडं बघ्यांच्या गर्दीतूनच दोन जण पुढं होतात, पत्रा वाकवतात, रिक्षात घालून नेतात. पूर्वी लोक पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार म्हणून मागे सरायचे, आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच लिहिलंय की मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला सरकार २५ हजार देतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. मग म्हणलं, आई, पण आपण थांबलो होतो का? आपण १०८ ला फोन केला होता का? मध्ये डिव्हायडर, आपण पलीकडं जाऊ शकत होतो का? त्या म्हणाल्या, "नाही. मी फक्त पासिंग बघत होते."

हे ऐकल्यावर मी गप्पच झाले. कारण मीही तेच बघत होते. एमएच १४ आहे का, १२ आहे का, पांढरी गाडी म्हणजे आपल्या अमक्याची तर नाही ना. आमच्याकडं हे फार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलावर उतारावरून आलेल्या ट्रकनं ४८ गाड्या उडवल्या होत्या, त्या रात्री सासूबाईंनी कात्रजपासून वारज्यापर्यंत जेवढे नातेवाईक आहेत त्या सगळ्यांना फोन लावले होते, जे आठवडाभर घराबाहेर पडले नव्हते त्यांनासुद्धा. म्हणजे लोक म्हणतात विकृत कुतूहल, असेलही, मुलाचं काचेला लावलेलं नाक बघितलं तर ते आहेच. पण त्याच्याखाली ही एक भीती असते की त्या ब्लँकेटखाली आपलं कोणी नाही ना. नाही असं दिसलं की पाय परत ॲक्सिलरेटरवर. आकडा बघा ना, २७ वरून ८५ ला जायला मला कितीसा वेळ लागला!

यात उपाय म्हणून कॅमेरा काही करत नाही. तो नंतर दाखवतो, आधी थांबवत नाही. त्या बाईनं तेव्हा ओरडायला हवं होतं की मॅडम समोर बघा, पण तिला मीच गप्प केलेलं, आणि चालू असती तरी तिला पुढच्या गाडीचं अंतर कळतं, माझी मान कळत नाही. महागड्या मॉडेलमध्ये तेही येतं म्हणे, डोळे रस्त्यावरून हटले की बीप. माझ्यात नाही. मी आपला घरगुती बंदोबस्त केलाय, मुलाला काम दिलंय, बाजूला काही दिसलं की त्यानं मोठ्यांदा "पुढं बघ" म्हणायचं. त्याला आईवर ओरडायची अधिकृत परवानगी मिळाल्यामुळं तो हे काम फार मन लावून करतो, पंक्चर झालेल्या ट्रकलाही सोडत नाही.

त्यानंतरच्या फेऱ्यांच्या क्लिपा मी दर वेळी बघते. मान आता बऱ्यापैकी सरळ असते. पाय मात्र अजूनही सुटतो. बाजूला लाल-निळा दिवा दिसला की आकडा ८ ते १० नं उतरतोच, मी समोर बघत असले तरी. तो मला गाडीत बसून कळत नाही, रात्री लॅपटॉपवर कळतो.

रेटिंग म्हणाल तर पाचपैकी साडेतीन. एक ॲपसाठी कापला, अर्धा त्या बाईसाठी. रात्रीच्या नंबर प्लेटबद्दल कापत नाही, कारण या किमतीत कोणाचाच कॅमेरा ते करत नाही. घ्यायचा असेल तर तीन तोंडांचाच घ्या, दोनवाला नको. आतलं तोंड आधी आठवडाभर घरच्यांना न सांगता चालू ठेवा.

गेल्या शनिवारी शेडुंगच्या अलीकडं पलीकडच्या बाजूला परत तसंच, गाड्या आडव्या, लोक जमलेले. मुलगा ओरडला, मी समोर बघितलं, ८८ चे ८१ झाले फक्त, मागच्यानं हॉर्न मारला नाही. मी एकदम खूष. सासूबाईसुद्धा डोळे मिटून हात जोडून बसल्या होत्या, कौतुकच वाटलं. दोन मिनिटं गेली आणि मागून आवाज आला, "पासिंग कुठलं होतं गं?" कोणीच बघितलं नव्हतं. पनवेलला पोचल्या पोचल्या मी कार्ड लावलं, पुढचं तोंड, मागचं तोंड, थांबवून थांबवून बघितलं, प्लेटच्या जागी नुसता पांढरा पट्टा. मग सासूबाईंनी चष्मा लावला आणि नातेवाईकांना फोन लावायला फोन काढला. तिघं घरी होते. चौथ्यानं उचलला नाही, तर त्या खुर्चीवरून उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला, आंघोळीला गेला होता.